तिन्ही भाषांत गप्प

मराठी, कन्नड आणि दख्खनी या तिन्ही भाषा ज्याला सारख्याच सफाईने येतात आणि जो तिन्ही भाषांत सारख्याच सफाईने गप्प बसतो, असा माणूस आमच्या बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर एकच आहे; आणि नेमका तोच विधानसभेला उभा राहिला. बरं, राहिला तर राहिला, त्याच्यावर फिल्म काढायचं काम कुणाकडे यावं, तर माझ्याकडे! त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. निवडणूक संपली, भिंतींवर रंगवलेली चिन्हं उन्हानं उडून गेली, जीपच्या धक्क्यांनी धरलेली माझी पाठ मात्र अजून बरी झालेली नाही. त्या माणसाची आठवण निघाली की आधी पाठ दुखते, आणि थोड्या वेळानं आणखीही कुठेतरी दुखतं. सगळा मुलूख त्यांना अण्णा म्हणतो, मीही तेच म्हणेन.

माझं गाव खटकचिंचोळी आणि भालकीत माझा फोटो स्टुडिओ. वीस-बावीस वर्षं लग्नांचं शूटिंग करतोय. लग्नात माणसं आपणहून कॅमेऱ्यापुढे येतात. नवरीची आत्या कॅसेटमध्ये दिसली नाही एवढ्या कारणावरून दोन घरांचं येणं-जाणं बंद झालेलं मी पाहिलंय. ‘इकडं बघा’ म्हटलं की नवरा, नवरी, भटजी, वरमाई आणि मांडवात शिरलेलं कुत्रंसुद्धा इकडं बघतं. माझी सगळी विद्या या दोन शब्दांत. अण्णांपुढे ती पहिल्याच दिवशी संपली, आणि पुढचे सगळे दिवस मी विद्येवाचून काढले.

हे काम मला दिलं अण्णांच्या थोरल्या बहिणीनं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. उभा जन्म शाळेत शिकवून त्या निवृत्त झालेल्या. आवाज असा की मैदानाच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाची पोरं आपोआप रांगेत उभी राहावीत. भावाच्या वाट्याचं बोलणंही देवानं बहुधा त्यांच्याच पदरात टाकलं असावं. अण्णा अपक्ष म्हणून दोनदा उभे राहिले होते आणि दोनदा पडले होते. अक्कांनी मला समोर बसवलं, सुसल्याची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, ताटली पुढं सारली आणि म्हणाल्या, “फोटोवाले, ही तिसरी खेप आणि शेवटची. ह्या खेपेला पडला तर मीच त्याला परत उभा राहू द्यायची न्हाई. माझा भाऊ सोन्यासारखा हाय. पर सोनं पेटीत ठिवल्यावर कुणाला दिसायलंय? तुम्ही धा मिन्टाची फिल्म करा. नऊ मिन्टं काय बी दाखवा, झाडं दाखवा, मेंढरं दाखवा. पर एक मिनिट त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं पायजे, की मी कामून उभा हाय आन् मला मत द्या. तेवढं एक मिनिट मला आणून द्या.”

एक मिनिट! मला हसूच आलं. मी लग्नांत नवरदेवाच्या मामांची पंधरा-पंधरा मिनिटांची आशीर्वादाची भाषणं घेतलीत, ती कापता कापता माझे डोळे गेलेत. एक मिनिट काय, मी म्हटलं, दोन दिवसांत आणून देतो. सुसला छान झाला होता, त्याचाही परिणाम असेल.

पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे अण्णांच्या पाठीचंच शूटिंग जमायला लागलंय. उभी पाठ, बसलेली पाठ, लिंबाखालची पाठ, पाण्याच्या टाकीकडे बघणारी पाठ. कॅमेरा आपल्याकडे वळला असं दिसलं की अण्णांना वाटायचं, आपल्यामागं कुणीतरी महत्त्वाचा माणूस उभा आहे आणि आपण त्याच्या आड येतोय. ते लगबगीनं बाजूला व्हायचे. मी कॅमेरा तिकडे फिरवला की तिथूनही हलायचे. शेवटी हळूच माझ्या मागं येऊन उभे राहायचे आणि माझ्या खांद्यावरून बघायचे.

“काय बघायलात?”

“तुम्हालाच की, अण्णा!”

“माझ्यात काय हाय बघण्यासारखं,” असं म्हणून ते खरोखरच काळजीनं माझ्याकडे बघायचे. उन्हानं मला काही झालं असेल असं वाटून एकदा त्यांनी मला ताकही आणून दिलं.

अण्णांच्या वडिलांची मेंढरं होती. सगळं लहानपण त्या मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. मेंढरांच्या मागं चालणाऱ्याला कळपाच्या पुढं कसं चालायचं हे कुणी शिकवत नाही. त्यामुळे प्रचाराच्या फेरीतही अण्णा सगळ्यांच्या शेवटी असायचे. पुढं हलगी, मग शिट्ट्या वाजवणारे कार्यकर्ते, मग बायका, मग म्हातारी माणसं, आणि त्यांच्या मागं, कुणी मागं राहिलं तर नाही ना हे बघत, उमेदवार. शिट्ट्या यासाठी, की निवडणूक कार्यालयानं त्यांना चिन्ह दिलं होतं शिट्टी. ज्या माणसाच्या तोंडातून शब्द निघत नाही, त्याला शिट्टी! कार्यकर्ते दिवसभर फुंकून फुंकून दमून जायचे. अण्णांनी मात्र शेवटपर्यंत ती ओठाला लावली नाही. “दचकत्यात माणसं,” एवढंच कारण त्यांनी दिलं.

हाराचं तर त्यांना वावडंच होतं. गळ्यात हार पडला की तो उतरवून शेजारच्याच्या गळ्यात घालायचा, ही त्यांची रीत. शेजारी बहुतेक वेळा जीपचे ड्रायव्हर असायचे, हळ्ळीखेडचे चाचा. पांढरी दाढी, पांढरा कुर्ता, चांगलं भरदार पोट. एका गावात दुपारच्या आत चाचांच्या गळ्यात सात हार झाले, आणि पुढच्या गावच्या लोकांनी साहजिकच उमेदवार म्हणून चाचांनाच खाली उतरवलं. हलगी वाजली, एका आजीनं ओवाळलं, दोघांनी पायाला हात लावला आणि चाचांना उचलून कट्ट्यावर उभं केलं. चाचांनी एकदा जीपकडे पाहिलं. अण्णा गर्दीत मागं उभे होते आणि ‘चालू द्या’ अशी मान हलवत होते. मग चाचांनी घसा साफ केला. “भाइयाँ, मैं तो गाडी चलाता. तुमारे अण्णा वो पिच्छे खडे हैं. वो बाताँ नै करते, काम करते. सीटी पो बटन दबाओ, बस्स!” असली टाळी त्या उन्हाळ्यात दुसरी पडली नाही. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते अण्णा. मी तेही शूटिंग केलं, पण त्यात अण्णांचे फक्त हात दिसतात.

स्वतः अण्णांनी त्या सबंध प्रचारात केलेलं सर्वांत मोठं भाषण मला तोंडपाठ आहे. भर दुपारची सभा, पत्रे तापलेले, माणसं घामानं निथळतायत. अक्कांनी अर्धा तास जीव तोडून बोलून माइक भावाच्या हातात दिला. अण्णांनी माइककडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ऊन लई हाय. बाया-माणसानी सावलीत सरकून बसावं.” आणि माइक परत दिला. तेच नंतर त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, कारण निम्मी माणसं कन्नड होती. न्यायाला माणूस पक्का. बायका सावलीत सरकल्या, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या कुठल्या उमेदवाराच्या भाषणाचा इतका तातडीनं परिणाम झालेला मी पाहिला नाही.

अक्कांचं मिनिट काही मिळेना. मी रोज एक युक्ती करायचो. शेतात नेलं, देवळाच्या पायरीवर बसवलं, मेंढरांत उभं केलं. मेंढरांत ते खुलले, पण तिथं मेंढरांशीच बोलत राहिले. एकदा वाटलं, प्रश्न विचारून बोलतं करावं. म्हटलं, माणूस रागात बोलतो. मी विचारलं, “अण्णा, तुमच्या विरोधात उभा राहिलेला माणूस कसा आहे?” अण्णांनी खूप विचार केला. कॅमेऱ्याच्या वजनानं माझा हात अवघडला. मग म्हणाले, “बरा माणूस हाय. त्याच्या माईला लई जपतो.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा अण्णा सरळ कॅमेऱ्यात बघून बोलले होते. त्या आनंदात मी तेवढा तुकडा कापून माझ्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. तासाभरात तो विरोधी माणसांच्या हाती लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गावात प्रत्येक मोबाइलवर अण्णा सरळ कॅमेऱ्यात बघून सांगत होते, बरा माणूस हाय. खाली विरोधी उमेदवाराचं चिन्ह! अक्कांनी मला बोलावून घेतलं. त्या दिवशी सुसला नव्हता. “फोटोवाले,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो मैदानभर पोचणारा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता, “माझ्या भावाचं एकच मिनिट मागितलं व्हतं. ते तुम्ही मिळवलात, आन् दुसऱ्याला दिऊन टाकलात.” मी मान खाली घालून उभा राहिलो. मतदानाला आठच दिवस उरले होते. आता ते मिनिट माझ्याच गळ्याशी आलं होतं.

अण्णांचं एक मात्र मी अजून सांगितलेलं नाही, कारण त्याचं घराआतलं शूटिंग माझ्याकडे नाही. इतर उमेदवार गावात शिरले की आधी पाटलाकडे नाहीतर सरपंचाकडे जातात. अण्णा आधी कटिंगच्या दुकानात डोकावायचे आणि विचारायचे, “एवढ्यात कोण गेलं?” दुकानदार सांगेल त्या घरी सगळ्यात आधी जायचे. दुखवट्याच्या घरी ते नुसते बसून राहायचे, कधी पाऊण तास, कधी दीड तास. तिथं चहा घ्यायचा नाही, प्रचाराचं एक अक्षर काढायचं नाही, कॅमेरा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हे तर आपल्याकडे सगळेच पाळतात. अण्णा मताचं नावही त्याच यादीत धरत. बाहेर हलगीवाले बिड्या ओढत बसलेले, कार्यकर्ते घड्याळ बघतायत, अक्का पदरानं वारा घेतायत. पुढच्या गावची सभा हातची जातेय. चाचा म्हणायचे, “अण्णा मय्यताँ में ज्यादा दिखते, जलसे में कम.” मी लिंबाखाली कॅमेरा मांडीवर घेऊन पेंगायचो. इतका थकवा मला लग्नाच्या ऐन सराईतही कधी आला नाही.

अशातच आम्ही खजुरीला गेलो. सकाळी निघतानाच मी अण्णांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला होता. वाटेत एखादा शब्द सांडला तर वेचावा, एवढी आता माझी हाव उरली होती. लग्नात मी असाच माइक भटजींना सकाळी लावतो आणि विसरून जातो. मंगलाष्टकं होतात, भटजी जेवायला बसतात, तरी माइक अंगावरच असतो. किती भटजींचे ढेकर माझ्याकडे जपलेले आहेत! त्याच सवयीनं मी अण्णांचा माइक विसरलो, आणि अण्णांना तर तो कधी आठवतच नसे. खजुरीच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्याची बायको आठ दिवसांपूर्वी गेली होती. अण्णा आत गेले. मी बाहेर कट्ट्यावर बसलो. कानात त्या माइकची वायर होती, आवाज भरणारं यंत्र चालूच होतं, आणि वायर काढायचाही कंटाळा आला होता.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हातारा बोलायला लागला.

“बारा खेपा घातल्या रे. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठाच उमटंना. जलमभर खुरपून, भाकरी थापून अंगठा सपाट झालता तिचा. साहेब म्हणायचा, कागद घिऊन या. कागद न्यावं तर साहेब जेवाय गेलेला. आमी रोजगारी माणसं. किती बसावं? दोन तास बसायचं न् उठून यायचं. आता मेल्यावर बघ, एका दिसात नाव काढून टाकलं. त्याला अंगठा लागला न्हाई.” आणि म्हातारा रडायला लागला. मोठी माणसं फार दिवस दाबून ठेवलेलं रडतात तसं, घशातून. मी वायर काढायला हवी होती. काढली नाही.

रडणं थांबलं. म्हाताऱ्यानं विचारलं, “दोनदा पडलास. लोकं हसायलेत तुला. आन् परत कामून उभा राह्यलास?”

मी ताठच बसलो. हाच तो प्रश्न, जो मी इतके दिवस शंभर तऱ्हांनी विचारला होता. मग अण्णांचा आवाज आला. मला तो आधी ओळखूच आला नाही, कारण तो थांबेचना.

“मला बोलाय येत न्हाई, आप्पा. सभेत उभारलो की समदं इसरतंय. पर मला बसाय येतंय. मेंढरामागं बसून बसून शिकलो. हापिसात सकाळी जाऊन बसलो तर साहेब यीपर्यंत बसतो, साहेब जेवून यीपर्यंत बसतो, न्हाई झालं तर दुसऱ्या दिशी जाऊन बसतो. तुमाला रोजगार बुडवून बसाय जमत न्हाई. तुमच्या बदली कुणीतरी बसाय पायजे. आता बसतो तर साहेब माझ्याम्होरून उठून जातोय. आमदार हून बसलो तर त्याला उठून जाता यायचं न्हाई. एवढ्यासाठीच उभा हाय. दुसरं कायच येत न्हाई मला.”

घड्याळ लावून पाहिलं, तर बरोबर एक मिनिट भरलं असतं. मी कट्ट्यावर बसून हसत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. मत द्या असं त्यांनी म्हटलं नव्हतं, पण ते मी खाली अक्षरांत टाकणार होतो. त्या दिवशी अक्कांच्या ओसरीवर बसून सगळं जुळवलं. वर अण्णांच्या त्या सगळ्या पाठी, कटिंगच्या दुकानातली पाठ, दुखवट्याच्या घराबाहेर काढलेल्या चपला, आणि त्यावर हा आवाज. वीस वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नव्हतं. अक्कांनी ऐकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “आत्ताच्या आत्ता सोडा समद्या गावात,” त्या म्हणाल्या.

सोडण्याआधी अण्णांना दाखवावं, असं मला वाटलं. त्यात सभ्यपणा कमी आणि शाबासकीची आशा जास्त होती. अण्णांनी जीपच्या पायरीवर बसून कानात वायर घातली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “आप्पाला ठावं हाय का ह्ये?”

“नाही, अण्णा. पण तुमचाच भाग आहे, म्हाताऱ्याचं रडणं मी काढून टाकीन. कुणाला कळणार नाही.”

“मला कळतंय की.” त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “दुखवट्याच्या घरातलं बोलणं हाय ते. तिथून भायेर आणायचं नसतंय.”

अक्का रडल्या, भांडल्या, दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत. तशा दोघांत बोलायच्या त्याच एकट्या, त्यामुळे घर अगदीच सुनं झालं. शेवटी मी एक तोड काढली. म्हटलं, तेच शब्द कॅमेऱ्यापुढे पुन्हा बोला, मग ते तुमचे झाले, म्हाताऱ्याच्या घरचे राहिले नाहीत. अण्णांना ते पटलं. बहिणीसाठी त्यांनी नवा सदरा घातला, मी लिहून दिलेला कागद हातात धरला आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. सात वेळा घेतलं. शब्द न् शब्द तोच, त्यांचाच. पण पोरानं शाळेत पाढे म्हणावेत तसा. ‘तुमच्या बदली कुणीतरी बसाय पायजे’ या वाक्याला ते प्रत्येक वेळी थांबायचे आणि समोर बघायचे. समोर म्हातारा नव्हता, मी होतो. सातव्यांदा त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “ऱ्हाऊ द्या, फोटोवाले,” ते म्हणाले, “तुम्ही दमलात.” खरं तर घामानं भिजले होते ते. अक्कांनी आतून सगळं पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

अण्णा पडले. फिल्म झालीच नाही. बरा माणूस निवडून आला.

निकालानंतर महिनाभरानं माझ्या स्टुडिओत एक म्हातारा आला. पागोटं, हातात कापडी पिशवी. खजुरीहून दोन बस बदलून आला होता. आवाजावरून मी ओळखलं. अण्णा त्याच्याकडे जाऊन आले होते म्हणे. तुमच्या घरातलं बोलणं आमच्या चुकीनं यंत्रात आलंय, फोटोवाल्याकडे आहे, सांगाल तर पुसून टाकतील, असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. निवडणूक हरलेला माणूस महिन्याभरात काय करतो, तर हे करतो.

“पुसायच्या आधी एकदा ऐकीव,” म्हातारा म्हणाला. मी ऐकवलं. स्वतःचं रडणं त्यानं भिंतीकडे बघत ऐकलं. अण्णांचं बोलणं सुरू झालं तेव्हा त्यानं मान वळवली. “असं म्हणला व्हय त्यो? त्या दिशी माझं ध्यानच नव्हतं. परत लाव.” मी परत लावलं. तीनदा लावलं.

मला राहवेना. मी विचारलं, “मत त्यांनाच दिलं असेल ना, आप्पा?”

“न्हाई.”

“का?”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, जणू हे काय विचारणं झालं. “मागितलंच न्हाई की त्यानं. बाकीचे समदे हात जोडून गेले. त्यो येवढा दीड तास बसला, उठून गेला, मताचं एका शब्दानं बोलला न्हाई. आमच्या गल्लीत सात घरं. समदी त्याचीच वाट बघायलती, की परत यील, मागंल. बिनबोलावता कुणाच्या लग्नाला जातंय का माणूस? मागितल्याबिगर कसं द्यावं? आमाला वाटलं, आमचं नको असंल त्याला.” बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. “आता पुसून टाक,” म्हणाला. मी त्याच्यासमोर पुसून टाकलं. निघताना त्यानं पिशवीतून शेंगांची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

सात घरांनी निवडणूक फिरत नाही, हे मलाही कळतं. पण अण्णा अशा किती गल्ल्यांत, किती घरी बसले होते? कटिंगच्या दुकानात विचारून विचारून, शोधून शोधून, आधी तिथंच गेले होते. ज्या घरांनी डोळे मिटून शिट्टीचं बटण दाबलं असतं, ती सगळी घरं हा माणूस परत येऊन मागेल म्हणून वाट बघत बसली असणार. त्या रात्री मला अण्णांचा भयंकर राग आला. एकदा, फक्त एकदा, दुखवटा संपल्यावर परत जाऊन हात जोडले असते तर काय बिघडलं असतं? हे त्यांना तोंडावर सांगायचं ठरवूनच मी दुसऱ्या दिवशी निघालो.

घरी अक्का म्हणाल्या, तालुक्याच्या कचेरीत बघा. अण्णा तिथं व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसले होते. मांडीवर कुठल्याशा बाईचे कागद, शेजारी ती बाई नव्हती. ती खुरपायला गेली असणार. मला बघून ते सरकले आणि मला जागा केली. आतल्या खोलीतली खुर्ची रिकामी होती.

“साहेब?” मी विचारलं.

“जेवाय गेलेत.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. सांगायला तोंडही उघडलं. अण्णा कागदांच्या कडा एकसारख्या करत होते, इतक्या सावकाश, की त्यांच्याकडे सगळा जन्म पडला आहे असं वाटावं. या माणसावर आपला फार जीव आहे, हे मला तिथं, त्या बाकड्यावर कळलं. सांगितलं असतं तर त्यांनी मला दोष दिला नसता, अक्कांना दिला नसता, म्हाताऱ्याला तर नाहीच. आणि मग तो दोष त्यांनी कुठं ठेवला असता, याचा विचार करवेना.

“काय म्हणायलात?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही, अण्णा.”

“मग बसा जरा.”

मी बसलो. साहेब यायला अजून बराच वेळ होता.